भुयारातला ‘मी’ कोणता?

भुयारात उतरून लढण्याच्या, ‘डंजन क्रॉलर’ जातीच्या व्हिडिओ गेमबद्दल एक मत फार ठासून मांडलं जातं: नायकाला स्वतःचा स्वभाव नसावा. तो बोलू लागला, त्याला पूर्वायुष्य चिकटलं, की ‘मी तिथे आहे’ ही भावना संपली. म्हणून पात्र कोरं ठेवा. बाकीचं खेळणारा भरेल.

या खेळांचा इतिहासच हे मानत नाही. १९८१च्या ‘विझर्ड्री’त सहा जणांची टोळी एकाच नजरेने भुयार बघते. त्या सहांतला ‘मी’ कोणता? कोणीच नाही, तरी अंधाऱ्या वळणावर छातीत धडधडतंच.

१९८७चा ‘डंजन मास्टर’ घ्या. सुरुवातीच्या दालनात चोवीस वीर आरशांत अडकलेले असतात. त्यांतले चार निवडायचे. एखाद्याला आहे तसा जिवंत करा, नाहीतर पुनर्जन्म द्या. पुनर्जन्मात नाव तुमच्या पसंतीचं, पण त्याची शिकलेली विद्या पुसली जाते. म्हणजे हा सगळा वाद खेळाने उंबरठ्यावरच मिटवला: त्या चोवीसांतल्या हॉल्क नावाच्या वीराला हॉल्कच राहू द्या, नाहीतर खुशाल स्वतःचं नाव द्या. पुढे भूक दोघांना सारखीच लागते. तेव्हा घास उचलून पडद्यावरच्या तोंडाच्या चित्रावर न्यावा लागतो. स्वतः जेवताना कोणी असं करत नाही. हे दुसऱ्याला भरवणं आहे. सोबती मेला तर त्याची हाडं उचलून वेदीपर्यंत न्यायची, मग तो उठतो.

आता पात्रवाद्यांनीही लगेच हुरळून जाऊ नये. पानंच्या पानं संवाद आणि दुःखी बालपण असल्याशिवाय पात्र उभं राहत नाही म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की हे चौघे आपसांत अवाक्षर बोलत नाहीत.

या भांडणाचा निकाल खरं तर नारायण पेठेने कधीच दिलाय. तिथल्या केसरीवाड्यात लेखणी चालवणाऱ्या न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोदे साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’चा सिद्धांत मांडला. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचं भान सोडत नाही. वाङ्मयाचा आनंद या दुहेरीपणातच आहे. (हा खेळ बघून त्यांनी नाक मुरडलं असतं का, हा प्रश्न वेगळा.) खेळात तर हे जास्तच खरं. जखमी हॉल्कला मागच्या रांगेत सरकवायचं, हे हॉल्क होऊन बसलेल्याला सुचणार नाही. त्याची जखम आपल्याला लागायला हवी आणि चौघांची मांडणीही दिसायला हवी.

तेव्हा तन्मयता घालवणारा आरोपी स्वभाव नव्हे. हल्ली अनेक खेळांत लढाई संपली की पडलेला सोबती आपसूक उठून अंग झटकतो. ना हाडं, ना वेदी. मग त्याची काळजी कोण करील, आणि वळणावर भीती तरी कशाची वाटेल? ज्यांना हे पटत नसेल त्यांनी ‘डंजन मास्टर’मध्ये हॉल्कची हाडं तिथेच टाकून खालच्या मजल्यावर उतरून दाखवावं.