फेरविचारार्थ परत

माझ्या वयाच्या कुणालाही ‘तुमच्या लहानपणीचे राष्ट्रपती कोण?’ असं विचारा, उत्तर ठरलेलं असतं: कलाम. ते केस, ती पुस्तकं, शाळकरी पोरांच्या गराड्यातले ते फोटो. आता वर्षांचा हिशेब घाला. माझ्या शाळेची बरीचशी वर्षं, १९९७ ते २००२, राष्ट्रपती भवनात के. आर. नारायणन होते. बंद गळ्याचा कोट, जाड चष्मा आणि सावकाश बोलणं. पंचवीस जानेवारीच्या संध्याकाळी त्यांचं भाषण लागलं की आम्ही पोरं वैतागायचो. इंग्रजी संपलं म्हणून सुटकेचा श्वास सोडावा, तर हिंदी सुरू.

घरात त्यांचा एकच चाहता होता, आजोबा. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. राजकारणापेक्षा त्यांना कागदाच्या प्रवासात रस.

ऑक्टोबर १९९७. टीव्हीवर उत्तर प्रदेशच्या विधानसभेत आमदार माइक उपटून एकमेकांवर फेकत होते आणि आम्ही ते मॅच बघावी तसं बघत होतो. बसपनं पाठिंबा काढला होता, तरी मुख्यमंत्री कल्याणसिंहांनी त्याच धुमश्चक्रीत बहुमत दाखवलं. राज्यपाल रोमेश भंडारींनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली, केंद्रातल्या गुजराल मंत्रिमंडळानं ती उचलून धरली आणि कागद सहीसाठी वर गेला. नारायणन यांनी तो फेरविचारासाठी परत पाठवला. आजोबांनी पेपर मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “साहेबानं सही केली नाही रे. शेरा मारून फाईल खाली धाडली.” एवढं खूश मी त्यांना पेन्शन वाढल्यावरही पाहिलं नव्हतं.

त्या आनंदातलं मर्म मला फार उशिरा कळलं. २५ जून १९७५च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झाली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी उरकण्यात आली. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीनं राष्ट्रपतींना एक छोटीशी सोय दिली: मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येईल. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र सही करावीच लागेल. म्हणजे अधिकार एका नकाराचा, तोही तात्पुरता. राज्य सरकार बरखास्त करण्याच्या शिफारशीवर तो वापरणारे नारायणन पहिले. गुजराल सरकारनं तो प्रस्ताव पुन्हा पाठवलाच नाही.

एकाच पक्षाला नकार दिला असता तर ‘काँग्रेसचे’ किंवा ‘विरोधकांचे’ म्हणून त्यांना निकालात काढता आलं असतं. पण पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९८मध्ये, वाजपेयी सरकारनं बिहारमधलं राबडीदेवींचं सरकार घालवायची शिफारस केली आणि तीही परत आली. फेब्रुवारी १९९९मध्ये तिथल्या दलित हत्याकांडांनंतर ती पुन्हा वर गेली, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांनी सही केली. राज्यसभेत बहुमत नसल्यानं सरकारला महिन्याभरात ती राजवट मागे घ्यावी लागली. नारायणन यांचा मोठेपणा मला या सहीतही दिसतो. नकार द्यायचा तो चौकटीत, आणि चौकट संपली की थांबायचं. शिवाय असे निर्णय घेताना राष्ट्रपती भवनातून त्यांची कारणं प्रसिद्ध करायची पद्धत त्यांनी पाडली. गुपचूप सल्लामसलतीला सरावलेल्या दिल्लीला हे जडच गेलं असणार.

त्यांची निवड झाली तो जुलै महाराष्ट्र विसरू शकत नाही. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर या दलित वस्तीत पोलीस गोळीबारात दहा माणसं गेली. तीन दिवसांनी राष्ट्रपतिपदाचं मतदान होतं. जवळपास सगळा देश नारायणन यांच्यामागे होता, समोर माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन होते आणि त्यांना पाठिंबा होता आपल्याकडच्या सत्ताधारी शिवसेनेचा. पंचवीस तारखेला देशाला पहिले दलित राष्ट्रपती मिळाले. केरळातल्या उळवूरचा हा मुलगा रोज मैलोन् मैल चालत शाळेत जायचा आणि फी थकली की वर्गाबाहेर उभा राहून धडा ऐकायचा. पुढे टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडनला हॅरॉल्ड लास्कींकडे शिकायला गेला. पण त्याआधी मुंबईत पत्रकारिता केली आणि एप्रिल १९४५मध्ये इथेच गांधीजींची मुलाखत घेतली. मुंबईनं याची आठवण ठेवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

१९९८च्या लोकसभेला त्यांनी मतदान केलं, तेही राष्ट्रपती भवनाच्या आवारातल्या शाळेत रांगेत उभं राहून. तोवर पदावरचे राष्ट्रपती मतदान टाळत. आणि २७ जानेवारी २०००ला, वाजपेयी सरकार घटनेच्या फेरआढाव्याच्या तयारीत असताना, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये त्यांनी उघड विचारलं की घटनेनं आपल्याला दगा दिला, की आपण घटनेला? पुढच्याच महिन्यात नेमलेल्या वेंकटचलय्या आयोगाच्या नावात घटनेचा नव्हे, तर घटनेच्या ‘कामकाजाचा’ आढावा असे शब्द होते.

त्यांच्या वाट्याला कलामांसारखं प्रेम आलं नाही याचं मला फारसं नवल वाटत नाही. परत पाठवलेल्या फायलीचं पोस्टर कोण लावणार? पण त्यांच्या मर्यादेबद्दल बोलायला हवं, कारण ती त्या पदाचीच मर्यादा आहे. २००२मध्ये गुजरात दंगलींत पेटला, तेव्हा नारायणन राष्ट्रपती होते. आपण वाजपेयींना पत्रं लिहिली, बोललो, लष्कराला गोळीबाराचे अधिकार द्यायला हवे होते, असं त्यांनी निवृत्तीनंतर एका मुलाखतीत सांगितलं. फाईल परत पाठवायची तर आधी ती वर यावी लागते. सरकार काही करू पाहत असेल, तर त्याला थांबवून दोन प्रश्न विचारता येतात. ते काहीच करत नसेल, तर राष्ट्रपतींच्या हाती पत्र लिहिणं उरतं. त्या जुलैत त्यांची मुदत संपली आणि आमच्या शाळेतल्या फळ्यावर नवीन नाव आलं.