शेणखताआधी सातबारा

सध्या खेड्यापाड्यांत प्रशिक्षण शिबिरांचा सुकाळ आहे. गांडूळखत, जीवामृत, दशपर्णी अर्क, शेळीपालन; दर महिन्याला काही ना काही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नैसर्गिक शेतीसाठी २,४८१ कोटींचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. आमचा त्याला विरोध नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण प्रश्न असा की, ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या गोठ्यातले शेण काढले, त्या हातांनी शेणखताचे हे नवे ज्ञान कोणाच्या रानात वापरायचे?

२०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचा वाटा १६.६ टक्के. २०१५-१६ च्या कृषी गणनेत मात्र देशातील वहिती क्षेत्रापैकी नऊ टक्क्यांहूनही कमी जमीन त्यांच्याकडे. बाकीचे आमचे लोक मजुरी करतात, नाहीतर बटईने शेती करतात.

आणि सेंद्रिय शेतीचे गणित बटईत बसत नाही. माती सुधारायला वेळ लागतो. प्रमाणपत्राच्या नियमात हंगामी पिकांसाठी दोन वर्षांचा आणि फळबागेसाठी तीन वर्षांचा रूपांतराचा काळ आहे. परंपरागत कृषी विकास योजनेची मदतही तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळते. बटईचा करार मात्र तोंडी! एका पाडव्याला ठरतो, पुढच्या पाडव्याला संपतो. कूळकायद्याच्या भीतीने मालक कागदावर काही येऊ देत नाही. बटईदाराने शेणखत टाकून जमीन भुसभुशीत केली की मालक म्हणतो, यंदा आम्हीच करतो. घाम आपला, सुपीक माती त्याची.

याउलट काय घडू शकते ते पाहायचे तर बिदरच्या पलीकडे तेलंगणात जहिराबादला जावे. १९८० च्या दशकात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेबरोबर तेथील गरीब स्त्रियांनी गावोगावी संघ बांधले. त्यात बहुसंख्य दलित. सरकारने वाटलेली जमीन काही कुटुंबांकडे होती, पण मुरमाड, पडीक, नावापुरती. बायकांनी दगड वेचले, बांध घातले, ती वहितीखाली आणली. कुठे गटाने जमीन ठोक्याने घेतली, कुठे अनुसूचित जाती महामंडळाच्या मदतीने विकत घेतली. शेणखत, घरचे बियाणे, एकाच रानात ज्वारी, तूर, राळा अशी पंधरा-वीस पिके, हे सारे जमीन हाताशी आल्यावर फळाला आले.

पुढे १९९० च्या दशकात त्यांनी धान्यकोष उभारला. पडीक जमीन कसण्यासाठी मिळालेली उचल पैशांनी नव्हे, ज्वारीने फेडायची. ते धान्य टंचाईच्या महिन्यांत गावातील गरिबांना स्वस्तात द्यायचे. आणि गरीब कोण, हे तलाठ्याने नव्हे, बायकांनी ठरवायचे! ज्यांच्या सावलीचाही एकेकाळी विटाळ होत होता, त्यांच्या कोठारातून गाव खाऊ लागले. २००८ मध्ये त्यांनी स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. निरक्षर बायका कॅमेरा चालवायला शिकल्या. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार संस्थेला मिळाला.

एक मतभेद मात्र नोंदवून ठेवतो. तेथील पच्चसाले शाळेत मुलांना पुस्तकांबरोबर शेती, सुतारकाम असे हातकाम शिकवतात. हातकाम वाईट नाही. पण बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि मुंबईला सिद्धार्थ, औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले, ते बापाचाच धंदा मुलाच्या गळ्यात बांधायला नव्हे. आईच्या शेतात पिकलेल्या ज्वारीवर मुलगी कॉलेजात गेली पाहिजे. परत रानात यायचे की नाही हे तिने ठरवावे.

आपल्याकडे काय आहे? ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्याच दादासाहेबांच्या नावाने २००४ मध्ये सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती-नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ मध्ये अनुदान शंभर टक्के झाले, जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाखांची मर्यादा ठरली. पण योजनेला जमीन विकणारा लागतो. त्या दरात चांगली जमीन कोण विकणार? आणि बौद्धवाड्याला विकायची म्हटल्यावर गावकी विकू देईल का?

गायरानाचे तसेच. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये झाला. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले, तेव्हा वस्त्यावस्त्यांत धास्ती पसरली, कारण अनेकांच्या हाती आजही कागद नाही.

म्हणून पुढच्या वेळी गावात शिबिराची गाडी आली तर जरूर शिका. पण दुसऱ्या दिवशी दहा घरांनी मिळून समाजकल्याण कार्यालय गाठा. तालुक्यात स्वाभिमान योजनेतून किती एकर घेतली, कोणाला दिली, आज ती कोण कसतो, हे लेखी मागा. आणि गायरान कसणाऱ्यांनी १९९० पूर्वीच्या पिकपाण्याच्या नोंदी, दंडाच्या पावत्या, जे असेल ते शोधून तहसीलदाराकडे अर्ज टाका, पोच घ्या.