अकरा क्रियापदांवरचा खोटा आळ

आयरिश शिकायला घेतली की लवकरच एक तक्ता समोर येतो: अकरा अनियमित क्रियापदं, पाठ करा. म्हणणं, धरणं, असणं, ऐकणं, करणं, मिळणं, बघणं, खाणं, देणं, येणं, जाणं. दिवसभर बोलताना जी लागतात नेमकी तीच. पाठांतराला माझी ना नाही. माझं भांडण 'अनियमित' या शिक्क्याशी आहे, आणि त्याहून जास्त, तो शिक्का हातात घेऊन कोण बरोबर ते ठरवणाऱ्यांशी.

मुळात यातलं 'खाणं' भूतकाळात अगदी सरळ वागतं, त्याची गडबड भविष्यकाळात आहे. पण तक्त्यात ते आहेच.

आता 'करणं' घ्या. 'केलं' म्हणजे 'रिन्ये', पण 'केलं नाही' म्हणजे 'नी यार्ना'. दोन्हींत काही साम्य दिसतं का? तरी मूळ एकच. जुन्या आयरिशमध्ये अशा जोडक्रियापदाचा जोर दुसऱ्या तुकड्यावर पडायचा. आधी नकार किंवा प्रश्नाचा शब्द आला की जोर मागे पहिल्या तुकड्यावर सरकायचा आणि मधली अक्षरं आक्रसायची. एका उच्चारातून 'रिन्ये' उरलं, दुसऱ्यातून 'यार्ना'. म्हणजे नियम होता, आणि तो काटेकोर पाळला गेला होता. नियम गेला, रोज तोंडात असल्यामुळे हे शब्द टिकले. आपण 'करलं' न म्हणता 'केलं' म्हणतो, तेव्हा आपल्याला कोण अनियमित म्हणतं?

खरी गंमत दक्षिणेत, मन्स्टरमध्ये आहे. केरीतल्या डिंगल द्वीपकल्पावर लोक 'रिन्ये' म्हणत नाहीत, 'येन' म्हणतात. मूळ रूप 'देन', भूतकाळासाठी पहिलं व्यंजन मऊ केलं की 'येन', आणि नकार 'नीर येन'. 'ब्रिश' म्हणजे मोडणं, त्याचंही असंच 'व्रिश', 'नीर व्रिश' होतं. मन्स्टरच्या लोकांनी हे क्रियापद चक्क नियमात बसवलं! 'जाणं'चा नकारही प्रमाण भाषेत 'नी याखी' असतो, तिकडे 'नीर खूइग' ऐकू येतं. नियमाची एवढी आवड असलेल्यांनी खरं तर यांचा सत्कार करायला हवा.

त्याऐवजी मी वापरतो त्या ॲपमध्ये 'येन' लिहिलं की लाल रेघ येते.

प्रमाण भाषेची ढाल पुढे करू नका. आयर्लंडच्या संसदेच्या भाषांतर विभागाने 1958 मध्ये प्रमाण व्याकरण छापलं तेव्हा प्रस्तावनेतच स्पष्ट केलं होतं की काही रूपांना आम्ही खास मान्यता देतोय, पण बाकीची बरोबर रूपं त्यामुळे रद्द होत नाहीत, त्यांना बंदीही नाही. हे पुस्तक सरकारी कागदपत्रांची सोय म्हणून आलं. त्याची छडी नंतर इतरांनी केली. आपल्याकडे 'म्या केलं' म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसतात, ती हीच छडी.

2022 च्या जनगणनेत, शाळा-कॉलेजबाहेर रोज आयरिश बोलतो असं सांगणारे सुमारे 72 हजार लोक होते. एखाद्या क्रिकेटच्या मैदानात मावतील इतके. त्यातल्या केरीच्या आजीचा शब्द चूक ठरवून पुण्यातल्या माझ्यासारख्याला भाषा शिकवायची, हा कुठला न्याय? उद्या मी तिच्याशी बोललो, तर तिचं क्रियापद मला टायपो वाटेल.

'वेगवेगळ्या बोली शिकवल्या तर नवशिके गोंधळतील' हे उत्तर मला माहीत आहे. शिकवा एकच रूप, हरकत नाही. प्रश्न तपासण्याचा आहे. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे हे अवघड आहे असं मला सांगू नका. बरोबर उत्तर म्हणून एकाच स्ट्रिंगशी तुलना करण्याऐवजी यादी ठेवायची: रिन्ये, डोनेगलचं रिन, मन्स्टरचं येन. शेजारी प्रदेशाचं नाव लिहायचं. अकरा क्रियापदं आणि तीन मोठ्या बोली, एवढा डेटा एका शनिवारी भरून होतो. मी ॲपवाल्यांना ही यादी तीनदा पाठवली. तिन्ही वेळा आभाराचं तेच ऑटोमॅटिक उत्तर आलं.