बाहुलीला मारलेले गुद्दे

जून २०२३ मध्ये मीरा रोडच्या एका फ्लॅटमध्ये जे उघडकीस आले, ते घरातल्या सर्वांनी वाचायच्या पानावर तपशिलाने सांगण्याजोगे नाही. आम्हा मीरा-भाईंदरकरांना तशी गरजही नाही. एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि तिच्यासोबत राहणारा पुरुष अटकेत गेला. वसईच्या मुलीच्या, २०२२ मधल्या दिल्लीच्या प्रकरणावरून त्याला कल्पना सुचली, असे पोलिसांच्या हवाल्याने छापून आले. त्या दिल्लीच्या प्रकरणात तर ‘डेक्स्टर’ या अमेरिकी मालिकेचे नाव निघाले होते. झाले! लोकलमध्ये, भाजीबाजारात एकच निदान: ही सगळी मालिकांची करणी.

असे म्हणणारे शास्त्राचा दाखला देतात तो बहुधा १९६१ चा. स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंदुरा यांनी बालवाडीतली ७२ मुले घेतली. त्यांतल्या काहींसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला गुद्दे मारले, हातोडीने बडवले. मग मुलांना छान खेळणी दाखवून लगेच काढून घेतली, म्हणजे आधी हिरमुसले केले, आणि बाहुली असलेल्या खोलीत सोडून वीस मिनिटे पाहिले. मारताना पाहिलेल्या मुलांनी बाहुलीला अधिक बडवले. १९६३ मध्ये पडद्यावर दाखवूनही तसेच घडले. पण ती बाहुली मार खाऊन पुन्हा उभी राहण्यासाठीच बनवलेली! तिला लागत नाही, तिची आई भांडायला येत नाही.

टेबलापलीकडे वीस मिनिटे गोड बोलणारा अर्जदार पंधरा वर्षे हप्ते भरील, असे मानणारा अधिकारी आमच्या बँकेत टिकला नसता.

खुद्द बंदुरांनीच १९६५ मध्ये पुढचे पाहिले. मारणाऱ्याला पडद्यावर शिक्षा झाली, तर मुले नक्कल कमी करीत. बक्षीस देऊ केले, की त्यांनाही सारे करून दाखवता येई. शिकलेली होती, करीत नव्हती. माझ्याही कादंबऱ्यांत खून आहेत. वाचकाला रीत मिळू शकते, हे मी नाकारत नाही. कारण मात्र तो घरूनच घेऊन येतो.

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर टीव्ही आला १९९५ मध्ये. संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून आधीचे आणि नंतरचे वागणे ताडून पाहिले. मुलांची मारामारी वाढली नाही. बेट लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, मुलांवर मोठ्यांची नजर. त्याचे श्रेय संशोधकांनी या गोष्टींनाही दिले.

मीरा रोडला पोलीस आले, ते शेजाऱ्यांनी दुर्गंधीची तक्रार केल्यावर. आमच्या सोसायटीच्या सभेत त्यानंतर मालिकांवर तासभर चर्चा झाली. त्या बाईंशी एरवी कोण बोलत असे, हे कोणी विचारले नाही.