लवचिक सौरघट : खरी कसोटी टिकाऊपणाची

गोंदिया : तिरोडा येथील ३३०० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पामुळे गोंदिया जिल्हा राज्याच्या वीजनकाशावर ठळकपणे आला. सौरऊर्जेच्या बाबतीत मात्र ग्रामीण भागातील जुनी कौलारू छपरे ही अडचण ठरते. काचेच्या एका सिलिकॉन पॅनेलचे वजन वीस किलोच्या घरात जाते. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर तयार होणारे, वजनाला हलके पेरोव्हस्काइट सौरघट येथे उपयुक्त ठरू शकतात. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी नोंदविलेली या घटांची ३.८ टक्के कार्यक्षमता प्रयोगशाळेत आता २६ टक्क्यांपुढे गेली आहे.

तथापि, पेरोव्हस्काइटचा थर स्फटिकमय आणि ठिसूळ असतो. तो वारंवार वाकविल्यास स्फटिकांच्या सांध्यांत सूक्ष्म भेगा पडतात. इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थरही तडकतो. भेगांतून ओलावा शिरला, की घट निकामी होऊ लागतो आणि त्यातील शिसे बाहेर झिरपण्याचा धोका निर्माण होतो. धानशेतीच्या आणि तलावांच्या या जिल्ह्यात तो दुर्लक्षून चालणार नाही.

सिलिकॉन पॅनेलला साधारणतः २५ वर्षांची हमी मिळते. त्यामुळे नव्या घटांना अनुदानाच्या योजनांत स्थान देण्यापूर्वी केवळ कार्यक्षमतेचा आकडा न पाहता वाकविणे, ऊन आणि दमट हवा या तिन्ही चाचण्यांचे निकाल तपासणे आवश्यक आहे.