पाटीखालची पाटी

ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर लावलेला वाहतूक चिन्हांचा तक्ता शिकाऊ चालकाला तोंडपाठ असतो आणि परीक्षेपुरता तो पुरतोही. गोल म्हणजे आज्ञा, लाल काठाचा त्रिकोण म्हणजे सावधगिरी, निळा चौकोन म्हणजे माहिती. रस्त्यावर मात्र अनेक ठिकाणी त्याच खांबावर, चिन्हाच्या खाली, एक आयताकृती पट्टी असते. ‘सकाळी ८ ते ११’, ‘फक्त अवजड वाहने’, ‘पुढे २०० मी.’, ‘सम तारखेस’ असे काहीबाही तिच्यावर लिहिलेले असते. वरची तबकडी मनाई करते. ती मनाई कोणाला, कधी आणि कुठून कुठवर, हे खालची पट्टी सांगते. ट्रकवर तिरकी रेघ मारलेल्या चिन्हाखाली वेळ लिहिलेली असेल, तर दुपारी दोन वाजता त्या रस्त्याने जाणारा ट्रक काहीच गैर करत नाही. पट्टी न वाचता त्याला अडवणारा आणि पट्टी न वाचता नऊ वाजता तिथे शिरणारा, दोघेही सारखेच चुकतात. ही पट्टी वाचता येते का, याची तपासणी शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत ठळकपणे झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

यासाठी कायद्यात आधार शोधत बसावे लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११ नुसार शिकाऊ परवाना मागणाऱ्याला वाहतूक चिन्हांचे पुरेसे ज्ञान आणि आकलन असायला हवे. ज्ञान आणि आकलन हे दोन्ही शब्द तिथे आहेत. प्रत्यक्षात परीक्षेचा भर ओळख पटवण्यावर असतो: चित्र दाखवायचे, पर्याय द्यायचे, त्यातला एक निवडायचा. उत्तीर्ण व्हायला साठ टक्के पुरतात. महाराष्ट्रात पंधरापैकी नऊ. चित्राचे नाव सांगता येणे आणि एखाद्या विशिष्ट वेळी, विशिष्ट वाहन घेऊन त्या खांबासमोर आल्यावर काय करायचे ते ठरवता येणे, यांत मोठे अंतर आहे. त्याच नियमात रक्षकविरहित रेल्वे फाटक ओलांडतानाच्या खबरदारीचाही स्वतंत्र उल्लेख आहे. ब्रॉडगेज मार्गांवरची अशी सगळी फाटके रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली किंवा तिथे माणूस नेमला. परीक्षेत जुन्या धोक्याला हक्काची जागा आहे. शहरात पावलोपावली भेटणाऱ्या पट्टीलाही तेवढी द्यायला हरकत नसावी.

पुण्यातली सम-विषम पार्किंगची व्यवस्था पाहा. पी-१ आणि पी-२ या पाट्यांचा अर्थ पुणेकराला विचारावा लागत नाही: एका बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, दुसऱ्या बाजूला सम तारखेला. बाहेरगावाहून आलेल्या, चिन्हांचा तक्ता चोख पाठ केलेल्या नवशिक्याला मात्र ‘पी’ म्हणजे पार्किंग एवढेच कळते आणि पुढचा आकडा त्याला पार्किंगच्या जागेचा क्रमांक वाटू शकतो. अर्थ कळला तरी कोडे सुटतेच असे नाही. एकतीस तारीख विषम, दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम. म्हणजे गाडी त्याच बाजूला राहू शकते. तीस दिवसांच्या महिन्यानंतर मात्र बाजू बदलावी लागते. आणि रात्री दहाला सम तारखेच्या बाजूला लावलेली गाडी बाराच्या ठोक्याला बेकायदा होते की सकाळी? पाटीवर वेळ लिहिलेली नसेल, तर या प्रश्नाचे उत्तर टोइंगवाल्याच्या सोयीवर सोडल्यासारखे होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली साध्या नियमभंगालाही पहिल्यांदा पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. जाणूनबुजून नियम तोडणाऱ्याने तो भरावा. पण पट्टीच्या बाबतीत दंड भरणाऱ्यांत नियम पाळायला निघालेली, पण तो अर्धाच वाचलेली माणसेही असतात, आणि मोबाइलवर आलेले ई-चलान त्यांना उरलेला अर्धा शिकवत नाही.

पार्किंगची चूक खिशावर बेतते. घाटातली जिवावर बेतू शकते. वळणाच्या त्रिकोणाखाली नुसते ‘२ किमी’ लिहिलेले असेल, तर वळणे दोन किलोमीटरनंतर सुरू होतात की इथूनच सुरू होऊन दोन किलोमीटर चालतात? पहिला अर्थ घेणारा चालक पुढचा रस्ता सरळ समजून वेग धरून ठेवील. रस्ता चिन्हांविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात हा घोळ ओळखून दोन वेगळ्या पट्ट्या दिल्या आहेत: धोक्यापर्यंतचे अंतर सांगणारीवर नुसता आकडा, आणि धोक्याच्या पट्ट्याची लांबी सांगणारीवर आकड्यासोबत बाण. भारत या करारात १९८० मध्ये सामील झाला. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ६७ ही संहिता चिन्हांचे आकार, रंग आणि मांडणी ठरवते. २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्तीही निघाली. म्हणजे कागदावर व्याकरण आहे. ते पाटी रंगवणाऱ्यालाही शिकवलेले नसेल आणि वाचणाऱ्यालाही, तर संहितेचा उपयोग निविदेत उल्लेख करण्यापुरताच.

पट्टीचा अर्थ अक्कलहुशारीने लागतो, तो वेगळा शिकवायची गरज काय, असे म्हणणाऱ्यांनी जर्मनीतला एक खटला पाहावा. ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेखाली हिमकणाचे चित्र असलेली पट्टी होती. एक चालक तिथून १२५ च्या वेगाने गेला. रस्त्यावर बर्फ नव्हता, तेव्हा मर्यादा लागूच नव्हती, असा त्याचा दावा. हॅम येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने २०१४ मध्ये तो फेटाळला. हिमकण हे मर्यादेचे कारण सांगतो, तिची अट घालत नाही. बर्फ असो वा नसो, ८० म्हणजे ८०. त्याच देशात ‘ओल्या रस्त्यावर’ अशी पट्टी असेल, तर मर्यादा खरोखरच रस्ता ओला असतानाच लागू होते. एक पट्टी अट घालते, दुसरी नुसते कारण देते. हा फरक कोणत्या अक्कलहुशारीने आपोआप कळावा? जर्मन वाहतूक नियमावली तर स्पष्टच म्हणते की पूरक फलक हीसुद्धा वाहतूक चिन्हेच आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्यूर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, म्हणून हे मराठी उमेदवारांना फार दूरचेही नाही. तिथे राहायला गेल्यावर भारतीय परवाना सहा महिनेच चालतो, मग लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

पहिला आक्षेप वेगाचा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर पुढे सरकते. एवढ्यात पट्टी वाचायची कधी? आक्षेप खरा आहे, आणि तो प्रशिक्षणाच्याच बाजूने जातो. न शिकलेला डोळा पट्टीवरचे अक्षर न् अक्षर वाचू पाहतो. शिकलेल्या डोळ्याला ठाऊक असते की इथे बहुधा चारच गोष्टी असतात: वेळ, अंतर, वाहनाचा प्रकार किंवा अपवाद, त्यामुळे त्यातली कोणती आहे एवढेच तो शोधतो. पट्टीवर चार ओळींचा मजकूर कोंबला असेल, तर दोष पट्टीचा. तो चालकाच्या माथी मारू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. व्यावसायिक वाहन चालवण्यासाठीची आठवी उत्तीर्णची अट केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली, आणि ते योग्यच झाले. मग वाचता न येणाऱ्या चालकाला पट्टीवरून परीक्षेत अडवणे अन्याय्य नाही का? शिवाय मराठी पट्टी तमिळनाडूच्या ट्रकचालकाला कशी कळावी? देवनागरी एक त्याला नऊसारखा दिसू शकतो आणि पाच चारासारखा. वेळेच्या पट्टीवर हा घोटाळा अगदीच महागात पडेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला सपाटीवर १००, घाटात ६० आणि अवजड वाहनाला त्याहून कमी मर्यादा आहे. तिथे वाहनाची आकृती आणि आकडा यांवरच काम भागते, वाक्याची गरज पडत नाही. पट्ट्या अशाच असाव्यात: आकृती, बाण, दोन्ही लिपींतले आकडे. मजकूर लागलाच तर मराठीत आणि मोजका. परीक्षेतले प्रश्नही याच प्रकारच्या पट्ट्यांवर असले, तर ते साक्षरतेची परीक्षा ठरणार नाहीत.

राहता राहिला नेहमीचा सूर: लोक लाल दिवा पाळत नाहीत, पट्ट्यांचे काय घेऊन बसलात, आणि निम्म्या पाट्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे झाकलेल्या असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण लाल दिवा तोडणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत असतो. त्याच्यासाठी पोलीस लागतो. पट्टी न कळणाऱ्यासाठी शिक्षक लागतो, आणि एका कामासाठी दुसरे अडवून ठेवण्याचे कारण नाही. फ्लेक्सबद्दल म्हणाल तर, पट्टीचा अर्थ ठाऊक असलेला नागरिकच ती झाकली गेल्याची तक्रार करील. बाकीच्यांना तिथे काही होते हेही कळणार नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारच्या मदतीने घरबसल्या देता येते. प्रश्न पडद्यावरच येतात, म्हणजे नवे चित्र घालायला छापखाना लागत नाही. पंधरा प्रश्नांतले तीन जरी ‘मंगळवार, दुपारी चार, तुमच्याकडे टेम्पो आहे, या खांबापुढे जाता येईल का’ अशा धाटणीचे केले, तरी ड्रायव्हिंग स्कूलवाले पुढच्याच महिन्यात भिंतीवरचा तक्ता बदलतील. नियम ११ मध्ये त्यासाठी एक अक्षरही बदलावे लागत नाही.