'पारंपरिक' म्हणजे नेमकं कोण?

'पारंपरिक' या शब्दाचा मला अलीकडे राग यायला लागलाय. शब्द चांगला आहे हो, पण आपण तो वापरतो नाव शोधायचा कंटाळा झाकायला.

ताजं निमित्त खंडेनवमीचं. आमच्या चिंचोळी एमआयडीसीत त्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. मग शेडमध्ये सतरंज्या टाकून कार्यक्रम. एका कारखान्यातल्या पोरापोरींनी कमरेला तिकोनी रुमाल बांधून, पुठ्ठ्याची वल्ही घेऊन 'मी डोलकर'वर नाच केला. झकास केला. मुंबई इथून सुमारे ४०० किलोमीटर, नाचणाऱ्यांतल्या काहींनी समुद्रच पाहिलेला नाही, तरी केला. खटकली ती निवेदकाची घोषणा: "आता सादर होत आहे पारंपरिक कोळीगीत." नंतर जेवताना मी म्हटलं, अहो, ते शांता शेळक्यांचं आहे. उत्तर आलं, "असेल. पण कोळ्यांचंच ना शेवटी? काय फरक पडतो?"

पडतो. गाणं शांताबाईंनी लिहिलं, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाईंचा आणि हेमंत कुमारांचा. चौघांत कोळी एकही नाही. शांताबाई १९२२ साली इंदापुरात जन्मल्या (म्हणजे आपल्या शेजारीच, उजनीच्या काठावर!) आणि हेमंतदा तर बंगाली. याच जोडगोळीची, म्हणजे शांताबाई-हृदयनाथांची, 'राजा सारंगा' आणि 'वादळवारं सुटलं गो' ही गाणीही अशीच 'पारंपरिक' होऊन बसलीत. बसलेल्या माणसाला उठवता येतं, परंपरेला कोण उठवणार?

आता अमेरिकेतलं एक गाणं बघा. काळ्या लोकांच्या चर्चमधून आलेली सोल गायकी गोऱ्या गायकांनी उचलली, तिला तिकडे 'ब्लू-आइड सोल' म्हणतात. निळ्या डोळ्यांचं सोल. त्यातलं गाजलेलं गाणं म्हणजे राइचस ब्रदर्सचं 'यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन'. १९६४ च्या अखेरीस तबकडी आली, १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या नंबरवर. लिहिलं बॅरी मान, सिंथिया वाइल आणि निर्माता फिल स्पेक्टर या तिघांनी. गाणं पावणेचार मिनिटांचं. एवढं लांब गाणं रेडिओवाले लावणार नाहीत म्हणून स्पेक्टरने लेबलवर चक्क ३:०५ छापलं! ही चाळीस सेकंदांची लबाडीसुद्धा तिकडच्या लोकांना पाठ आहे. आणि गायकी कोणाची, पैसा कोणाला, हा वादही जुना आहे. वाद सुटलेला नाही, पण निदान घातला तरी जातो. त्या प्रकाराच्या नावातच तो आहे.

आपल्याकडे वादच नाही, कारण आपण मधला माणूसच पुसून टाकलाय. मग भांडायचं कोणाशी?

आणि पुसताना काय काय जातं, तेही बघा. नाचणाऱ्या पोरांना मी विचारलं, डोलकर म्हणजे काय? "डोलणारा," एकजण म्हणाला, आणि डोलूनही दाखवलं. डोल हे जाळ्याचं नाव आहे. मोठ्या पिशवीसारखं, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं जाळं. ते खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून लावतात. पाणीच मासळी आत आणून घालतं, बोंबील, जवळा. पाण्याची ओढ फिरायच्या सुमाराला ते उचलायचं. हे काम करतो तो डोलकर. इंदापूरच्या बाईंनी हा धंद्यातला शब्द उचलून गाण्याच्या तोंडाशी ठेवला. 'पारंपरिक' म्हटलं की त्यांची ती निवडही दिसत नाही, आणि जाळंही नाही.

यावर आमच्यातले जरा जास्त वाचणारे म्हणतात, मग ही चोरीच झाली की! कोळ्यांचा ठेका, कोळ्यांची बोली, नाव मात्र मंगेशकरांचं. मला हे पटत नाही. कोणी काय गावं याला जातीचं कुंपण घालायचं ठरवलं, तर मंगळवेढ्याच्या शिंदे घराण्यातले प्रल्हाद शिंदे, भीमगीतं गाणारे, त्यांनी विठ्ठलाची गाणी गायची की नाही? आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर ज्याच्या त्याच्या टपरीवर त्यांचाच आवाज असतो. कुंपण नको. पाटी हवी.

कोळ्यांची स्वतःची गाणी आहेतच की! वेसाव्याच्या कोळीवाड्यातले शाहीर काशीराम चिंचय, 'वेसावकर आणि मंडळी', त्यांच्या कॅसेटींवर कित्येक लग्नांच्या हळदी झाल्या. त्यांनाही आपण 'पारंपरिक' याच पोत्यात कोंबतो. म्हणजे बाहेरून आलेल्या कवयित्रीचं नाव गेलं आणि कोळीवाड्यातल्या शाहिराचंही गेलं. हा कसला कोळ्यांचा मान? 'कोळ्यांचंच ना' म्हणणाऱ्याला एका कोळ्याचं नाव विचारा. मी विचारलं. भातावर वरण वाढून घेतलं त्यांनी.

बरं, हा नुसता मानाचा प्रश्न नाही. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येणार नाही, असं त्यात आलं. शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. शांताबाई २००२ साली गेल्या, म्हणजे 'मी डोलकर'चे शब्द २०६२ संपेपर्यंत हक्काचे आहेत. आणि परंपरेचं? परंपरेला बँकेत खातं नसतं.

तर मंडळी, गणपतीत, गॅदरिंगला, नाहीतर हळदीला माइक तुमच्या हातात आला, तर चार नावं घ्यायला दहा सेकंद लागतात. मी घड्याळ लावून बघितलंय. (नाना, तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या तबकड्या आहेत ना? दिवाळीला येतोय, काढून ठेवा.)